नानांनी पाहिलेली गाडी

नाना दिघे कुणालाही स्वतःचा फॉर्म स्वतः भरू देत नसत. विम्याचा कागद समोरच्याच्या हातात दिसला की ते तो अलगद काढून घेत, मांडीवर एक गुळगुळीत झालेली लाकडी फळी ठेवत आणि नाव, पत्ता, जन्मतारीख लिहू लागत. विचारत फार कमी. आमच्या कॉलनीतल्या बहुतेकांच्या जन्मतारखा त्यांना घरच्यांपेक्षा चांगल्या पाठ होत्या. आपलं काम एवढंच असे, की त्यांनी पेन्सिलीने बारीक फुली मारलेली असेल तिथे सही करायची. "फुलीवर सही, बाकीचं माझ्यावर," असं म्हणून ते पेनाचं टोपण लावत आणि चहा बशीत ओतत.

देवासला आमच्यासारखी मराठी घरं कारखान्यांच्या नोकऱ्यांसाठी आलेली. वडील यंत्रशाळेत होते. आमची शाळा हिंदी, खेळ हिंदी, भांडणं माळवी. नाना मात्र इथले जुने. त्यांचे आजोबा संस्थानच्या कचेरीत होते आणि घरात अजून "बसावं", "यावं", "चिरंजीव कसे आहेत" अशी भाषा चाले. गाडीचा, घराचा, आजारपणाचा असा सगळ्या प्रकारचा विमा ते करत. एजंट म्हटलेलं त्यांना खपत नसे. "एजंट रेल्वेच्या तिकिटांचे असतात. मी तुमच्या घरचा माणूस आहे," असं ते म्हणत, आणि ते खरंही होतं. वडील गेले तेव्हा कुठला कागद कुठे नेऊन द्यायचा हे आईला एकदाही कुणाला विचारावं लागलं नाही. नाना रोज संध्याकाळी येत, आईपाशी पाच मिनिटं गप्प बसत आणि जात.

मला मराठी वाचायला त्यांनी शिकवलं. मी अकरा-बारा वर्षांचा असेन. हातात पुस्तक पाहून त्यांनी विचारलं, "काय चाललंय?" मी म्हणालो, "पढतोय." ते हसले नाहीत. म्हणाले, "पढतात ते परीक्षेसाठी. आपण वाचतो." त्यानंतर दर रविवारी त्यांच्या ओसरीवर मी मोठ्याने मराठी वाचायचो आणि ते डोळे मिटून ऐकायचे. चुकलो की बोट वर करत, बोलत नसत. पुढे मी इथल्याच एका कॉलेजात ग्रंथपाल झालो. पहिल्या दिवशी ते पेढे घेऊन ग्रंथालयात आले, कपाटांमधून हात पाठीमागे बांधून फिरले आणि जाताना म्हणाले, "ग्रंथपाल महाशय, आता माझी जबाबदारी संपली."

हे सगळं आधी सांगतोय, कारण पुढचं सांगायला लागलो की हे सांगणं मला जमणार नाही.

माझा धाकटा भाऊ सुहास कारखान्याच्या स्टोअरमध्ये आहे. त्याला पुस्तकांचं वेड नाही, गाड्यांचं आहे. त्याने चारही चाकांना जोर मिळणारी एक जुनी जीप घेतली आणि वर्षभर इंदूरच्या एका गॅरेजात तिच्यावर काम करून घेतलं. स्प्रिंगा बदलून ती वीतभर उंच केली. ट्रॅक्टरला शोभतील असे टायर घातले. पुढच्या बंपरवर विंच बसवलं, म्हणजे चिखलात रुतल्यावर झाडाला दोर बांधून स्वतःलाच ओढून काढायचं यंत्र. नाल्याच्या पाण्यात इंजिनला हवा मिळावी म्हणून बॉनेटच्या बाजूने छतापर्यंत एक काळी नळी नेली. रविवारी तो आणि त्याचे मित्र धार जिल्ह्यातल्या डोंगरांत जात, मनावर गावाच्या अलीकडे, गंधवानीच्या पलीकडे, जिथे रस्ता नाही तिथे मुद्दाम.

विम्यासाठी नाना घरी आले ती सकाळ मला नीट आठवते. मी फाटकाशी उभा होतो. नानांनी गाडीला पूर्ण एक प्रदक्षिणा घातली. काळ्या नळीला हात लावून म्हणाले, "काय रे सुहासराव, गाडीला सोंड लावलीस?"

"पाण्यात उतरते ना नाना. एकदम मस्त चलती है," सुहास म्हणाला. त्याची मराठी अशीच, अर्ध्यातून हिंदीत घसरणारी. त्याने बॉनेट उघडून दाखवलं, विंचचा दोर ओढून दाखवला. मग म्हणाला, "नाना, हे सगळं फॉर्मवर लिहावं लागतं म्हणे. गॅरेजवाला भिया बोलला, नाही लिहिलं तर क्लेम अटकतो."

"लिहिलं की आधी आरटीओत नोंद, मग तपासणी, मग प्रीमियम वाढणार. चार हेलपाटे. आणि डोंगरात नेतोस हे कळलं तर वेगळेच प्रश्न. कामाला जातोस ना हिच्यातून?"

"जातो. पण रविवारी तर..."

"रविवारी देव तुझ्याबरोबर. सोमवार ते शनिवार कंपनी."

आम्ही तिघेही हसलो. सुहास हसला, पण त्याने ऐकलं नाही. "नाही नाना, लिहाच. जे हेलपाटे घालायचे ते घालतो, जे भरायचं ते भरतो. मला साफ काम पाहिजे."

"बरं बाबा, लिहितो," नाना म्हणाले. फॉर्मचा मधला भाग कोरा होता. त्यांनी फुली मारली, सुहासने सही केली. काही दिवसांनी पॉलिसी आली. सुहासने ती माझ्याकडे दिली आणि मी ती फायलीत लावली. दिवसभर छापील कागद वाचण्यात ज्याचं आयुष्य गेलं त्या माणसाने ती उलगडूनही पाहिली नाही. नानांचा कागद तपासायचा असतो हे आमच्या कॉलनीत कुणालाच ठाऊक नव्हतं.

त्या वर्षी थंडीत गंधवानीच्या पुढे एका उतारावर जीप कलंडली आणि नाल्यात जाऊन पडली. सुहासच्या गळ्याजवळचं हाड मोडलं. पाड्यावरच्या लोकांनी त्याला बाहेर काढलं, ट्रॅक्टरने जीप रस्त्यावर आणून दिली. तिथून ती मनावरच्या एका गॅरेजात गेली. चार दिवसांनी विमा कंपनीचा सर्व्हेअर तपासणीला येणार होता. नाना आपणहून आमच्याबरोबर आले. बसमध्ये त्यांनी सुहासच्या दुखऱ्या खांद्याला धक्का लागू नये म्हणून त्याला खिडकीशी बसवलं आणि स्वतः मध्ये बसले. पिशवीत पुऱ्या आणि बटाट्याची कोरडी भाजी होती. "सुहासरावाला बाहेरचं चालणार नाही," म्हणाले.

सर्व्हेअर मोजकं बोलणारा माणूस होता. त्याने जीपचे फोटो काढले, वाकून स्प्रिंगा पाहिल्या, काळी नळी पाहिली, हातातला कागद पाहिला.

"ये सब तो कंपनी से लग के नहीं आता. फॉर्म में तो लिखा है, कोई बदलाव नहीं."

"ऐसा कैसे, साहब?" सुहास म्हणाला. "नाना ने भरा है फॉर्म. पूरी गाड़ी दिखाई थी इनको. पूछ लो, यहीं खड़े हैं."

नानांनी चष्मा काढला. धोतराच्या सोग्याने एक काच पुसली, मग दुसरी. चष्मा परत डोळ्यांवर चढवून त्यांनी सर्व्हेअरकडे पाहिलं आणि स्वच्छ हिंदीत म्हणाले, "बाद में लगवाया होगा. मेरे सामने तो सादी गाड़ी थी."

"नाना?" सुहास म्हणाला. "काय बोलताय तुम्ही?"

नाना जॅकवर चढवलेल्या दुसऱ्याच एका गाडीकडे पाहत राहिले. सुहासने माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं, नाना घाबरलेत. परत जाताना सावरून घेतील. परक्या माणसासमोर त्यांना खोटं कसं पाडायचं? मी सर्व्हेअरला म्हणालो, "साहब, पहले चाय पी लें?"

परतीच्या बसमध्ये नाना पुढे, ड्रायव्हरच्या मागच्या सीटवर बसले. पुऱ्यांची पिशवी कुणी उघडली नाही.

पुढे गॅरेजची बिलं मागवली गेली. ती पॉलिसीच्या आधीच्या तारखांची निघाली, म्हणजे "बाद में" हे खोटं ठरलं. पण त्याचा भार नानांवर आला नाही, सुहासवर आला. बदल आधीचे आणि सही त्याची. कंपनीच्या पत्रात वाक्य होतं की विमाधारकाने महत्त्वाची माहिती दडवली. सुहासने ते वाक्य मला तीनदा वाचायला लावलं. इंग्रजी त्याला कळत होतं. दुसरा काही अर्थ निघतोय का, हे त्याला पाहायचं होतं.

कॉलनीत गोष्ट दुसऱ्याच रूपात पसरली. सुहासने नानांना अंधारात ठेवलं आणि अंगाशी आल्यावर म्हाताऱ्याला अडकवायला बघितलं. गणेशोत्सवाच्या समितीतून त्याचं नाव त्याला न विचारताच गळलं. सुहासने एकदा दोघांना समजावलं, मग कुणालाच नाही. जीप भंगारात गेली त्याचं त्याला वाईट वाटलं, पण ते तो बोलून दाखवायचा. दुसरं बोलायचा नाही.

मी नानांकडे गेलो. ते ओसरीवर मटार सोलत बसले होते. मी उभ्यानेच म्हणालो, "नाना, कंपनीला एक पत्र लिहा. गाडी तुम्ही पाहिली होती आणि लिहिणं तुमच्याकडून राहिलं. एवढंच."

"बसावं आधी."

मी बसलो.

"लिहिलं तर माझी एजन्सी जाईल. ती जाऊ दे, वय झालं. पण मग माझे बाकीचे फॉर्म उघडतील. कुणाची साखर मी लिहिलेली नाही, कुणाचं ऑपरेशन लिहिलेलं नाही. लोकांना सोपं जावं म्हणून. ती माणसं दवाखान्यात पडली की त्यांनी कुठे जायचं, सांग."

"आणि सुहासने?"

"तो तरुण आहे. गाडी पुन्हा घेता येते."

"मी गाडीचं म्हणत नाही, नाना. तो खोटारडा ठरलाय."

एक दाणा त्यांच्या हातून निसटून खुर्चीखाली गेला. ते वाकले आणि बराच वेळ तो शोधत राहिले. खुर्चीखालूनच त्यांचा आवाज आला, "चार दिवसांत विसरतात लोक."

ते बाकीच्या घरांना वाचवत होते की स्वतःला, हे मला तेव्हा ठरवता आलं नाही आणि आजही येत नाही. दोन्ही खरं असेल. मला एवढंच कळलं, की या माणसाने कुणाचा तरी बळी द्यायचं ठरवलं तेव्हा आमच्या घरातल्या माणसाचा दिला, कारण आम्ही त्याच्याविरुद्ध बोलणार नाही याची त्याला खात्री होती. मायेचा असा हिशेब होऊ शकतो हे मला ठाऊक नव्हतं. मी त्यांच्याकडे जाणं थांबवलं. रस्त्यात दिसले तर ते हात वर करत आणि मीही करत असे. चार दिवस गेले, चार वर्षं गेली. कुणी काही विसरलं नाही.

मागच्या थंडीत नाना आजारी पडले. त्यांची मुलगी माधवी बंगळूरहून आली. तिचा मला फोन आला, "बाबा तुमची आठवण काढतायत." मी उद्या जातो म्हणालो. तसे तीन उद्या झाले, आणि चौथ्या दिवशी सकाळी ते गेले. अस्थी घेऊन माधवी नेमावरला गेली तेव्हा मी गाडीत तिच्या शेजारी होतो. नर्मदेच्या पायरीवर ती मला म्हणाली, "शोकसभेत तुम्हीच बोला. बाबांना तुमची मराठी फार आवडायची."

मराठी मंडळाचं सभागृह गच्च भरलं होतं. माणसं दारात उभी होती, बाहेर अंगणात लाउडस्पीकर लावला होता. माझ्या आधी बोलणाऱ्या प्रत्येकाने कुठला तरी कागद, कुठलं तरी आजारपण, नानांनी तारून नेलेला कुठला तरी प्रसंग सांगितला. सगळं खरं होतं. मीही फळीचं सांगितलं, रविवारच्या वाचनाचं, आईपाशी गप्प बसण्याचं. माधवी रडत होती. तिथेच थांबता आलं असतं.

मी म्हणालो, "एक राहिलं. माझ्या भावाने, सुहासने, नानांना गाडी पूर्ण दाखवली होती. सगळं लिहा असं सांगितलं होतं. नाना लिहितो म्हणाले आणि त्यांनी लिहिलं नाही. मी तिथे हजर होतो."

कुणीतरी खोकलं. अध्यक्षांनी घाईने दोन मिनिटं उभं राहायला सांगितलं. सगळे उभे राहिले. माधवी बसूनच राहिली. नंतर मी तिच्यासमोर हात जोडले तेव्हा तिने मान दुसरीकडे वळवली.

सुहास आत आला नव्हता. फाटकाबाहेर मोटरसायकलला टेकून उभा होता. मला न्यायला आला होता, तेवढ्यापुरताच.

"ऐकलंस?" मी विचारलं.

"ऐकलं. स्पीकर बाहेर पण आहे." तो हेल्मेट हातात फिरवत म्हणाला, "मेलेल्या माणसाचं कशाला सांगितलं, दादा? जिवंत होते तेव्हा मनावरच्या गॅरेजात बोलला असतास तर."

 त्याने मोटरसायकल सुरू केली आणि मी बसेपर्यंत थांबला.