कोहळ्याला लावायची सुरी

चौऱ्याण्णवच्या जानेवारीत फ्रीगंजातल्या मराठी घरांतून, हळदीकुंकवाच्या वाणाबरोबर, एक बातमी दबक्या आवाजात फिरली. आपट्यांच्या सुनंदाने म्हणे शेजारच्या अरविंदवर सुरी चालवली. मागच्या दाराने तो बाहेर पडला तेव्हा हाताला रुमाल गुंडाळलेला होता, आणि रुमाल लाल. पुढचं ज्याने त्याने आपापल्या कुवतीप्रमाणे जोडलं. नवरा रतलामला बँकेत, फक्त शनिवारी येणारा. मग जोडायला असा कितीसा वेळ लागतो?

त्या आठवड्यात सुनंदाच्या डोक्यात सुरीशिवाय दुसरं काही नव्हतं, हे मात्र खरं.

सुनंदा कोहळ्याच्या वड्या करून विकायची. आजवरची गिऱ्हाइकं पाव-अर्ध्या किलोची. आता इंदूरच्या एका लग्नघराने पंधरा किलो सांगितल्या होत्या, शनिवारी सकाळी न्यायला येणार होते. वड्या आवडल्या तर त्याच नात्यातली आणखी दोन लग्नं. रविवारी रतलामला निघताना नवरा, दिलीप, चपला घालत सहज म्हणाला, "जमेल का तुला एवढं?" तेव्हापासून बाईंना बसल्या जागी चैन नव्हतं. गॅस पेटवून बंद करत, डबे पुसून परत पुसत.

सगळं अडायचं ते पहिल्या चिरेशी. कोहळा म्हणजे घरचा थोरला मुलगा, त्याला बाईने पहिली सुरी लावायची नाही. पुरुषाने चीर द्यावी, मग बाईने हवे तेवढे तुकडे करावेत, ही सासूबाईंची, म्हणजे अहल्याबाईंची शिस्त. बाजारातून चिरून आणलेला त्यांना चालत नसे. नवरा रतलामला, मुलगा पराग भोपाळला होस्टेलात. म्हणून कंपाउंडच्या भिंतीवरून अरविंदला हाक जाई. तो टेलिफोन खात्यात, शिफ्ट ड्यूटीचा, सकाळी घरी सापडणारा. येताना स्वतःचा सुरा आणायचा, कारण सुनंदाकडे होती एक विळी, आणि आठ किलोचं ते धूड विळीवर धरणार कसं? एक चीर दिली की तो चालला.

पण सोमवारी एका हळदीकुंकवात कुणीतरी साखरेच्या आवाजात विचारलं, "काय गं सुनंदा, तुझ्याकडे सारखे टेलिफोनवाले येतात. एवढा काय बिघाड आहे?"

बायका तोंडाला पदर लावून हसल्या. सुनंदाच्या हातातला तीळगूळ हातातच राहिला.

घरी येईपर्यंत तिने ठरवून टाकलं की शिस्त वगैरे सासूबाईंची, आपण वनस्पतिशास्त्राच्या बी.एस्सी.; आपल्याला अरविंद लागतो तो केवळ धड सुरी नाही म्हणून. सुरी आणली की प्रश्न मिटला.

मंगळवारी पर्समध्ये एक बटाटा टाकून ती टावर चौकात गेली. दुकानदाराने सहा सुऱ्यांचा सेट पुढे ठेवला, खोक्यावर गोरी मडम हसत होती.

"भाभीजी, अब तो बाहर का सब माल आ रहा है. पूरी जिंदगी धार नहीं लगानी पड़ेगी."

सुनंदाने बटाटा काढला. करवतीसारख्या दात्यांनी त्याचा भुगा झाला. बिनदात्याची सुरी जरा दाबली तर पातं वाकलं.

"आप पहली कस्टमर हो जो आलू लेकर आई," दुकानदार म्हणाला.

"पहली हूँ, इसीलिए आपका सेट बिक रहा है," असं म्हणून ती बाहेर पडली.

फुटपाथवरच्या माणसाने भलामोठा सुरा दाखवला आणि शांतपणे विचारलं, "किसको काटना है?" सुरा भारी होता, पण मूठ आत्ताच हलत होती. पाच दुकानं झाली. बटाटा संपला. रात्री कूस बदलताना तिला हातात सुऱ्यांच्या मुठी आल्यासारखं होई.

बुधवारी ती भैरवगढला गेली. तिथे छपाईचे लाकडी ठसे कोरणाऱ्यांची हत्यारं करणारा एक म्हातारा लोहार होता. त्याने सुरी दाखवलीच नाही, आधी हिचा पंजा मागितला. मग एक लांबट सुरी काढून बोटावर आडवी तोलून धरली. पाठीकडे जाड, धारेकडे कागदासारखी. पातं मुठीच्या शेवटापर्यंत गेलेलं. आणि रुंदी एवढी की कापताना बोटं पाटावर आपटू नयेत.

"इसको गीला मत रखना, जंग खाएगी. और ये छोटी, मिर्ची-टमाटर की. घर में दो बहुत हैं. छह तो दुकान चलाने के लिए होती हैं."

गुरुवारी सकाळी तीन कोहळे ओट्यावर मांडले. अहल्याबाई दारात येऊन उभ्या राहिल्या.

"सुरी छान आहे. चीर कोण देणार?"

"मी, आई."

"दे की. मी कशाला अडवू? पराग तुझाच आहे."

एवढं बोलून त्या पोथीला बसल्या. सुनंदाने सुरी उचलली, खाली ठेवली. हात पुसला, परत उचलली. पराग भोपाळला जुनी मोटरसायकल घ्यायची म्हणतोय, हे नेमकं तेव्हाच आठवायचं होतं. बी.एस्सी. जागच्या जागी होती, हात काही पुढे जाईना. सव्वाअकरा झाले. चिरणं, किसणं, पाक, सगळं बाकी, आणि हातात उरलेला दीड दिवस.

ती भिंतीशी गेली. "अरविंदभाऊजी, येता का जरा?"

"सुरा आणतो."

"नको. माझी आहे."

तो नेहमीसारखा मागच्या दाराने आला, ओट्यावरची सुरी उचलून म्हणाला, "वहिनी, ही तर नाजूक दिसते. कापेल ना?"

पंधरा किलो वड्या शनिवारी सकाळी वेळेवर गेल्या. मार्चमध्ये त्याच नात्यातल्या दुसऱ्या लग्नाची मागणी आली. अरविंद तेव्हाही चीर द्यायला आला, पण सुनंदाने त्याला पुढच्या दाराने बोलावलं, भर अकरा वाजता.

सुनंदाने अरविंदवर सुरी चालवली नव्हती. त्याचा स्वतःचा सुरा बोथट होता आणि धार अंगठ्याने चाचपायची त्याला सवय होती. त्याने नवी सुरीही तशीच चाचपली. दोन टाके पडले. डॉक्टरकडे जाण्याआधी कोहळ्यांना चीर त्याने डाव्या हाताने दिली.