आठ घरांचा उपवास

आहारशास्त्रापुढे सगळी माणसे समान असतात. प्रत्येकाला तोच अर्ज, त्याच मापाच्या वाट्या, तोच वजनकाटा. आहार सर्वेक्षणासाठी परभणीत झालेल्या तीन दिवसांच्या प्रशिक्षणात हे आम्हाला इतक्या गंभीरपणे सांगितले गेले, की समोसे खातानाही कोणी बोलत नव्हते. सोबत एक नियमही होता: ज्याच्या घरी माहिती घ्यायची, त्याच्याकडे काही खायचे-प्यायचे नाही. गरिबांवर भार नको.

माझ्या वाट्याला सोनपेठच्या अलीकडचे एक गाव आले. आदल्या दिवशी काय काय खाल्ले ते विचारायचे आणि टॅबमध्ये भरायचे, एवढेच काम. पहिल्या दिवशी बाजारगल्लीत एका दुकानदाराने हाताला धरून बसवले. दोन कप चहा झाला, चिवडा झाला. आग्रह नियमात मोडत नाही, असे मी तिथल्या तिथे ठरवले.

दुसऱ्या दिवशी बौद्ध वस्तीत गेलो. पहिल्याच घरातल्या मावशी शेतमजुरी करणाऱ्या. त्या दिवशी मुद्दाम घरी थांबलेल्या. त्यांनी चहाचे विचारले. मला नियम आठवला.

"नको मावशी, आम्हाला चालत नाही."

त्यांनी मान हलवली आणि समोर बसल्या.

"काल काय काय खाल्लं?"

"काई न्हाई. उपास व्हता."

शेजारच्या घरातही उपवास. त्याच्या पुढच्याही. एकादशीशी काडीचा संबंध नसलेल्या गल्लीत आठच्या आठ घरे उपाशी निघाली. टॅबने लाल अक्षरांत शंका व्यक्त केली. पर्यवेक्षक मॅडमना फोन केला, तर त्या म्हणाल्या, "रिकामे अर्ज असतील तर ती गल्ली वगळा. गावाची सरासरी बाकीच्यांवरून निघेल."

म्हणजे गाव काय खाते याचे उत्तर चिवडा खाणाऱ्या गल्लीवरून निघणार होते. मी परत मावशींच्या दारात गेलो.

"मावशी, खरं सांगा ना. तुमची घरं यातून गळून जातील."

"तुमी च्या घेत न्हाई, आमी जेवत न्हाई," मावशी म्हणाल्या. "काल दुकानात दोन कप च्या, वर चिवडा. आमच्याच दारात नियम आडवा आला व्हय, साहेब?"

पलीकडून त्यांची जाऊ ओरडली, "चिवड्यात शेंगदाणे व्हते का, तेबी इचार!"

मी चप्पल काढली, आत जाऊन बसलो आणि म्हणालो, "चहा टाका."

"आता च्यावर भागत न्हाई."

ज्वारीची भाकरी आणि येसराची आमटी पुढे आली. मावशींनी माझाच वजनकाटा पुढे ओढून भाकरी त्यावर ठेवली. "मोजून खा, भाऊ. लिवायला बरं."

दुसरी भाकरी संपेपर्यंत उपवास सुटला. मावशी सांगू लागल्या, मी भरू लागलो: भाकरी, वरण, वांग्याची भाजी.

"काय लिवायलाव?"

"घरानं काल काय खाल्लं ते."

"घर कुटं जेवतंय? माणसं जेवतात. वांगं धन्यानं आन् लेकरायनं खाल्लं. मी मागून बसले, तवा ठेचा व्हता. माजं येगळं लिवा."

टॅबमध्ये 'मागून बसले' यासाठी रकाना नव्हता. मी ते 'इतर' मध्ये लिहिले. मावशींनी ते माझ्याकडून मोठ्याने वाचून घेतले, 'ठेचा' शब्दावर मान डोलावली आणि जावेला हाक मारली, "सांग गं आता खरं. च्या ठेव आधी."

पुढच्या सात घरांत मग बायका आपापले वेगळे सांगत गेल्या. 'इतर' चा रकाना 'शेरा' मध्ये जाऊन सांडला. मॅडमनी तो का भरला म्हणून विचारले, पण आठही घरे अहवालात आली.

प्रत्येक घरी चहा झाला. मला पुढचे दोन दिवस ॲसिडिटी होती.