घूंऽ करणारा डबा

रेडिओच्या चाचणीत मी नापास झाले, त्यात माझा काहीही दोष नव्हता. दोष त्या खोलीचा होता. ती फार शांत होती.

हे समजायचं तर आधी डब्याचं सांगायला हवं. आम्ही तेव्हा खापरखेड्याला, पॉवर हाऊसच्या कॉलनीत राहत होतो. आमचे हे तिथंच ड्युटीवर, सासूबाई आमच्याजवळ आणि मी गाणारी. (गाणारी हा माझा शब्द. घरात वेगळे शब्द चालायचे.) रेडिओवर भावगीत म्हणायचं, एवढी एकच हौस मी माहेराहून आणली होती. रेडिओवाल्यांचं म्हणणं असं, की आधी घरून टेप पाठवा, पसंत पडली तर चाचणीला बोलावू. ही गोष्ट मी सकाळी नळावर एका बाईला सांगितली. संध्याकाळपर्यंत अख्खी कॉलनी माझा कार्यक्रम किती वाजता लागणार ते विचारायला लागली. आता माघार घेणं शक्य नव्हतं.

टेपरेकॉर्डर घरात होता, पण त्याला माइक एकच जोडता यायचा. माइक माझ्याजवळ ठेवला की ह्यांची साथीची खंजिरी गायब, खंजिरीजवळ ठेवला की मी गायब. (ह्यांना दुसरा प्रकार जास्त आवडला.) दोन माइक एकत्र करून टेपरेकॉर्डरला जोडणारा छोटा डबा मिळतो असं कळलं आणि आम्ही तिघं तो घ्यायला नागपूरला, बर्डीच्या बाजारात गेलो.

दुकानदारानं दोन डबे पुढे ठेवले. दिसायला दोन्ही सारखे, जेवणाच्या डब्याएवढे.

"हा सेलवर चालते. आवाज एकदम साफ," तो म्हणाला. "अन् हा दुसरा लाइटवर चालते. माझं ऐकसान त पहिला घ्या."

सासूबाई शेतकऱ्याच्या घरच्या. हातात तोलून पाहिल्याशिवाय त्यांनी आयुष्यात वांगंसुद्धा घेतलं नव्हतं. त्यांनी एका हातात एक, दुसऱ्या हातात दुसरा डबा घेतला आणि डोळे मिटले.

"हा सेलवाला पोचट हाय वं. याच्या आत काहीच नाही. हा दुसरा पाह्य, कसा भरला हाय."

"आई, त्याच्यात ट्रान्सफॉर्मर असते, म्हणून जड आहे," हे म्हणाले.

"मंग ज्याच्यात काही हाय तोच घे नं गा. रिकामा डबा कायले घेतं?"

पण खरा निकाल ह्यांनी लावला. दुकानदाराकडे पाहून म्हणाले, "मी पॉवर हाऊसात काम करतो. साऱ्या नागपूरले लाइट देऊन राहिलो, अन् माझ्या घरी गाणं सेलवर? लोक काय म्हणतीन मले?"

दुकानदारानं सेलवाला उचलून ठेवला. जड डबा घरी आला.

पहिली टेप ऐकली तर माझ्या गाण्यामागे सुरुवातीपासून शेवटपर्यंत घूंऽ असा आवाज! आम्ही पंखा बंद केला. कूलर बंद केला. वैशाखात दारं-खिडक्या लावून घेतल्या. घामानं खंजिरी ह्यांच्या हातातून निसटून सासूबाईंच्या मांडीवर पडली, तरी घूंऽ तशीच. शेवटी लक्षात आलं, की घूं करत होता तो डबाच.

"लाइटचाच आवाज आहे हा," हे अभिमानानं म्हणाले. "आपल्याच पॉवर हाऊसचा."

मी रडकुंडीला आले होते. पण टेप पुन्हा ऐकताना मला काहीतरी वेगळं जाणवलं. मी सुरात होते. एरवी माझा सूर जरा हिंडफिऱ्या, घरातून निघाला की कोणाच्या दारात जाऊन बसेल सांगता यायचं नाही. पण मागे घूं असली की तो तिला धरून चालत होता. मग मी ठरवलं, घूं राहणार. तिच्यावरच गायचं. संध्याकाळी विजेचा भार वाढला की घूं किंचित उतरायची आणि तिच्यासोबत मीही उतरायचे. कोणी हसलं तर हे सांगायचे, "तिचा एकटीचा नाही, साऱ्या विदर्भाचा सूर उतरून राहिला."

टेप गेली आणि बोलावणं आलं! सासूबाईंनी माझ्या हातावर दही ठेवलं, डब्याला कुंकू लावलं आणि त्यालाही पिशवीत घालून सोबत दिलं. एवढी वजनदार वस्तू घरी ठेवून जाणं त्यांना पटेना.

रेडिओच्या त्या खोलीत मला एकटीला बसवलं. भिंतींना जाड अस्तर, दाराला गादी. काचेपलीकडून परीक्षकांनी हात केला. मी कान दिले, तर कुठंच काही नाही. पंखासुद्धा नाही. मी आधार शोधत पहिली ओळ म्हटली. ती एका गावात सुरू झाली आणि दुसऱ्या गावात संपली. दुसऱ्या ओळीचं मी सांगत नाही.

परीक्षक आत आले. सभ्य माणूस. म्हणाले, "बाई, तुमच्या टेपवर मागे तानपुरा होता. फार स्थिर लागला होता. तो कोण वाजवतं?"

"आमचे हे," मी म्हणाले. (यात खोटं काय? बटण तेच दाबायचे.) "बाहेरच बसले आहेत."

"मग बोलवा त्यांना."

हे पिशवी घेऊन आत आले, खोलीच्या चारही भिंती न्याहाळल्या आणि परीक्षकांना अदबीनं म्हणाले, "प्लग कुठं आहे जी?"

परीक्षकांना विचार करायला वेळच मिळाला नाही. डबा लागला, तिथल्याच स्पीकरला जोडला आणि खोलीत आमची घूंऽ भरली. मला एकदम माहेरी आल्यासारखं वाटलं. मी गाणं पहिल्यापासून म्हटलं, सगळं, सुरात, एकदाही न चुकता. असं मी आयुष्यात गायले नव्हते.

परीक्षकांनी वाकून डब्यावरचं कुंकू पाहिलं.

"बाई, तुम्ही गायलात चांगलं," ते म्हणाले. "पण हे मी रेडिओवर लावलं, तर ऐकणारे आपापले रेडिओ दुरुस्तीला घेऊन जातील. त्यांना मी काय सांगू?"

"तुम्ही काहून सांगता? मी सांगते नं त्यांना," मी म्हणाले. पण ते ऐकेनात.

परतताना बसमध्ये मी खिडकीकडे तोंड करून रडले. मग डोळे पुसले आणि ठरवलं, रेडिओ गेला उडत. त्या गणपतीत मी कॉलनीच्या मंडपात कोणाला न विचारता डबा लावला आणि गायला बसले. पहिलं गाणं झालं, दुसरं झालं, कोणी थांबवायला येईना, म्हणून तिसरंही सुरू केलं. तेवढ्यात वादळ सुटलं आणि वीज गेली. घूं थांबली, त्यामुळे मलाही थांबावं लागलं. आणि त्या अंधारात, पॉवर हाऊसच्या कॉलनीत, वीज गेली म्हणून टाळ्यांचा असा कडकडाट झाला म्हणता! मी उठले आणि सगळ्यांना वाकून नमस्कार केला.