राखेची वीट

वणीहून यवतमाळला जाणाऱ्या एसटीत माझ्या शेजारी एक चाळिशीतला माणूस मांडीवर टॉवेलात गुंडाळलेली करडी वीट घेऊन बसला होता. खड्डा आला की तो स्वतः आदळायचा, वीट मात्र अलगद उचलून धरायचा. विचारल्यावर कळलं, कोळशाच्या राखेपासून टिकाऊ विटा करण्यावर त्याचं संशोधन चाललं होतं आणि ही वीट तो कॉलेजात तपासायला नेत होता.

"मग तुमचं घर याच विटांचं असेल?" मी मुद्दाम विचारलं.

तो ओशाळला. "मायनं बांधू नाही देल्लं. म्हणे, राखेच्या घरात कोण राह्यते? लय समजावलं, तवा कुठं न्हाणीघरापुरती तयार झाली."

"आता आवडलं का त्यांना?"

"मले तं अजून नावंच ठेवते," टॉवेल सारखा करत तो म्हणाला. "पण परवा अचानक घरी गेलो, तं शेजारणीले न्हाणीघरात नेऊन म्हणत होती, भिंतीले हात लावून पाह्य, कशी थंडगार हाय. माह्याच पोरानं केली."

एवढं सांगून तो खिडकीबाहेर बघत बसला. यवतमाळ येईपर्यंत त्याच्या चेहऱ्यावरचं हसू काही गेलं नाही.