लाख्यानं मारलेली कुस्ती

माझं लग्न अमेरिकेतल्या लढाईमुळं मोडता मोडता राहिलं. अमेरिका कुठं आहे हे तेव्हा आमच्या गावात कोणालाच ठाऊक नव्हतं, आणि आमचं गाव ठाऊक असण्याचं अमेरिकेलाही काही कारण नव्हतं. पण तिकडं भाऊभाऊ बंदुका घेऊन एकमेकांवर उठले, तिकडचा कापूस विलायतेला जाईना, आणि विलायतेच्या गिरण्यांना एकाएकी वऱ्हाडची आठवण झाली. अमरावतीच्या अडत्यानं कापसाचा भाव सांगितला तेव्हा आमच्या वडिलांना वाटलं, हा आपली थट्टा करतो आहे. त्यांनी रागानं गाडी परत वळवली. अडत्या अनवाणी मागं धावत आला, तेव्हा कुठं भाव खरा असल्याची त्यांची खात्री पटली.

वडिलांना सगळा गाव दाजी म्हणे, म्हणून मीही दाजीच म्हणत असे. या भावाआधी दाजींना आणि सगळ्या परगण्याला एकच खेळ पाहायचं वेड होतं, कुस्तीचं. माघातल्या जत्रेला आमच्या गावात कुस्त्यांची दंगल भरे आणि लोक चिंचेवर चढून ती पाहत. एकदा फांदी मोडून बरेच जण खाली आले, तर कण्हता कण्हता ते आधी कुस्ती कोणी मारली एवढंच विचारत होते. अशा गावात दाजींनी मला लहानपणीच करीमखाँ वस्तादांच्या तालमीत घातलं, यात नवल नाही. वस्तादांनी मला घडवलं म्हणजे काय केलं, तर माझे कान चुरगळले, मान नाहीशी केली आणि अंगावर एवढं मांस चढवलं की आईला घरातली बाज दोनदा विणून घ्यावी लागली.

या मांसावरच माझं लग्न जमलं होतं. अंजनगाव सुर्जीचे गोविंदाजी कुस्तीचे नुसते शौकीन नव्हते, वेडे होते. मी सुर्जीला एक कुस्ती मारली तेव्हा त्यांनी भर मैदानात दाजींचा हात धरून सांगितलं, की माझी पोरगी याच पहिलवानाच्या घरात देईन. मुलगी तिथंच बायकांच्या गाडीत बसली होती. बापाच्या निवडीपायी त्या काळच्या मानानं तिच्या लग्नाला उशीरच झाला होता. माझ्याकडं बघून ती शेजारणीला म्हणाली (हळू म्हणाली, पण मला ऐकू येईल एवढं हळू), "बाई, याचे कान कोनं चावले वं?" त्या दिवसापासून मला दुसरी कुठलीही मुलगी नको होती. हे मी घरात बोललो नाही, कारण तेव्हा तशी पद्धत नव्हती, पण नको होती हे खरं.

मग कापसाचा भाव आला आणि लोकांची नजर फिरली.

हातात पैसा खेळू लागल्यावर शेतकरी आधी काय घेणार? बैल. तेही नांगराचे नव्हेत, पळणारे. शंकरपट, म्हणजे बैलांच्या शर्यती, आमच्याकडं पूर्वीही भरत, पण आता गावोगाव भरू लागले. बैलांच्या शिंगांवर चांदीच्या शेंब्या आल्या, पाठीवर रेशमी झुली आल्या, आणि जो तो धुरकऱ्याचं नाव पोटच्या पोरासारखं घेऊ लागला. (धुरकरी म्हणजे पटात छकडा हाकणारा. त्याला बसायला पुरेशी जागा नसते आणि जिवाची पर्वा तर त्याहून नसते.) इकडं आमच्या दंगलीला माणूस फिरकेना. त्या वर्षीच्या एका कुस्तीत मी प्रतिस्पर्ध्याला धोबीपछाड मारून वर पाहिलं, तर पाहायला आमचे वस्ताद, एक आंधळा फकीर आणि एक शेळी होती.

अमरावतीचा तो अडत्या दाजींना म्हणाला, की हे सगळीकडं असंच चालतं. त्यानं कापूस घेणाऱ्या साहेबाकडून ऐकलं होतं, की अमेरिकेतही लोक आधी घोड्यांच्या शर्यती पाहायला लोटत, आता मैदानात कोणी काठीनं चेंडू मारत असला तर तो पाहायला गर्दी करतात, आणि तिकडचे शिपाईसुद्धा लढाईतून उसंत मिळाली की तेच खेळतात.

"चेंडूनं त्यायचं काय केलं होतं?" दाजींनी विचारलं.

अडत्याला ते माहीत नव्हतं. पण लोकांची आवड फिरते एवढं दाजींना पटलं, आणि परत येताना त्यांनी लाख्या आणि मोत्या अशी पटाची जोडी विकत आणली. मला जे बदाम मिळत ते त्या दिवसापासून जोडीला मिळू लागले.

जोडीला शिकवायचं काम गावच्या तुकारामानं केलं. तो डफडं वाजवी. जोडी पटाच्या एका टोकाला उभी करायची, दुसऱ्या टोकाला तिळाच्या ढेपेची, म्हणजे पेंडीची, टोपली ठेवायची, आणि तुकारामानं डफडं घुमवायचं. थोड्याच दिवसांत असं झालं की डफड्यावर काठी पडायचा अवकाश, लाख्या-मोत्या वाऱ्यासारखे सुटत आणि पार टोपलीपाशी जाऊन थांबत. धुरकरी छकड्यात आहे की नाही, याची त्यांना फिकीर नसे.

अशात सुर्जीहून निरोप आला. गोविंदाजी माघातल्या जत्रेला येतो म्हणाले होते, येऊन पाहतो आणि मग लग्नाचं बोलू. काय पाहतो, हे निरोप्याला सांगितलं नव्हतं. निरोप्यानं जाता जाता एवढंच सांगितलं, की गोविंदाजी हल्ली दंगलीत दिसत नाहीत.

घरात चिंता पसरली. दाजी ओट्यावर बसून म्हणाले, "किसन्या, थो तुले पाह्याले येऊन राहिला का बैलायले? हे कळल्याबिगर आमी दाखवावं काय?"

त्यावर मी तोड काढली. (घरात इतकी जाणती माणसं असताना मीच का काढली, हे मला आजवर उमगलेलं नाही.) मी म्हणालो, एकाच दिवशी, एकाच मैदानात दोन्ही ठेवू. पटाची गर्दी नेहमी शेवटच्या टोकाला असते, कारण कोण जिंकलं ते तिथं दिसतं. तर आखाडाही त्याच टोकाला खणायचा. लोक पट पाहायला येतील, उभ्या उभ्या कुस्तीही पाहतील. गोविंदाजींना जे आवडतं ते त्यांना तिथंच मिळेल. दाजींनी माझ्या पाठीवर थाप मारली. आईसुद्धा म्हणाली की पोराला तालमीत घातलं तरी डोकं शाबूत आहे.

फक्त वस्ताद नाराज होते. त्यांचं म्हणणं, आखाडा आपल्या जागेवर असावा, पाहणाऱ्यानं त्याच्याकडं यावं. "किसन बेटा, जानवरों के बीच में मिट्टी मत डाल," ते मला म्हणाले. मला वाटलं, वस्ताद म्हातारे झाले, त्यांना नवा जमाना कळत नाही. मी त्यांना तसं समजावूनही सांगितलं! ते फावडं घेऊन कामाला लागले. लाल मातीत हळद आणि ताक त्यांनीच कालवलं, आणि आखाड्याची पूजाही त्यांनीच केली.

जत्रेच्या दिवशी गर्दी अशी लोटली की दाजींचे डोळे भरून आले. अकोल्याहूनसुद्धा गाड्या आल्या होत्या. गोविंदाजी पटाच्या शेवटच्या टोकाला, आखाड्याला अगदी लागून, चिंचेखाली खास त्यांच्यासाठी टाकलेल्या बाजेवर बसले. चेहऱ्यावरून काही कळत नव्हतं. दाजी त्यांना पान देताना एकदा कुस्तीचं आणि एकदा बैलांचं बोलून पाहत होते. गोविंदाजी दोन्हींना सारखंच "हं" म्हणत होते.

ठरलं असं की आधी माझी कुस्ती, मग पट. वस्तादांनी मला नखशिखांत तिळाचं तेल चोळलं. माझ्यासमोर अकोल्याचा एक पहिलवान होता, रंगानं आणि आकारानं कापूस दाबायच्या यंत्रासारखा. जिंकेल त्याला भरजरी फेटा बांधायचा होता. मैदानाच्या पार दुसऱ्या टोकाला लाख्या-मोत्या छकड्याला जुंपून तयार उभे होते. धुरकरी जवळच्या विहिरीवर पाणी प्यायला गेला होता. त्याची काही चूक नव्हती, त्याची पाळी अजून यायची होती.

कुस्ती लागली. सुरुवातीला मी बरा होतो. नंतर त्यानं मला खाली घेतलं आणि माझ्या पाठीवर बसून तो मला उलटवू लागला. मी तोंड मातीत खुपसून, हातपाय रोवून पडून राहिलो. गोविंदाजींच्या बाजेचे पाय मला अगदी जवळ दिसत होते, आणि डोक्यात एकच विचार होता, की उलटलो तर ती मुलगी गेली.

कुस्ती रंगात आली की डफडं घुमलं पाहिजे, हा आमच्याकडचा रिवाज. तेवढ्या रंगाची कुस्ती बऱ्याच दिवसांत झाली नव्हती, आणि गावात डफडं वाजवणारा तुकाराम एकच. त्यानं आनंदानं काठी उचलली आणि डफडं घुमवलं.

हे आम्हा सगळ्यांच्या लक्षात यायला हवं होतं. तुकारामाच्या, दाजींच्या, आणि ज्यानं ही तोड काढली त्याच्या तर नक्कीच. ते फक्त लाख्या-मोत्यांच्या लक्षात आलं.

मला आधी जमीन हादरल्यासारखी वाटली. मग लोक ओरडू लागले. इतका गलका मी कित्येक महिन्यांत ऐकला नव्हता. मला वाटलं, लोक पुन्हा कुस्तीकडं वळले! तेवढ्यात माझ्या पाठीवरचं ओझं एकाएकी उठलं. अकोल्याच्या पहिलवानाचं तोंड मैदानाकडं होतं, त्यानं काय येतंय ते पाहिलं आणि आखाड्याबाहेर उडी टाकली. माझं तोंड मातीत होतं. मी समजलो, गड्याचा दम तुटला. मी उठलो, गोविंदाजींकडं तोंड करून शड्डू ठोकला आणि छाती पुढं काढून उभा राहिलो.

बाज रिकामी होती. गोविंदाजी चिंचेवर होते.

मी मागं वळलो तेव्हा लाख्याचं कपाळ आणि माझं कपाळ यांत जेमतेम वीतभर अंतर असेल. मी मागं सरलो, ताकानं भिजलेल्या मातीत पाय घसरला, आणि दोन्ही खांदे टेकून उताणा पडलो. जोडी अगदी माझ्यावर येऊन थांबली. शिकवलेले बैल ते, जिथं थांबायचं तिथंच थांबले. ढेपेची टोपली अजून कोणी ठेवलेली नव्हती, पण तिळाचा वास तर येत होता. लाख्यानं खाली मान घालून पाहिलं, आणि माझ्या पोटापासून चाटायला सुरुवात केली. मी उठू पाहिलं तर त्यानं छातीवर नाक दाबून मला पुन्हा खाली निजवलं. मोत्या कानाकडून आला.

परगणाभरचे लोक झाडांवरून आणि गाड्यांवरून परत उतरले आणि आमच्याभोवती जमले. दाजींनी बैल ओढायचं म्हटलं, तर लोक त्यांना ओढू देईनात. म्हणाले, जरा थांबा, नीट पाहू द्या.

त्यात पंचांमध्ये वाद पेटला. अकोल्याचे लोक म्हणत होते, किसन चीत झाला, सगळ्यांनी पाहिलं. आमचे लोक म्हणत होते, अकोल्याचा पहिलवान स्वतःहून आखाडा सोडून गेला. मी खालून दोन्ही बाजू ऐकत होतो. शेवटी सगळ्यांत वयस्कर पंचानं वस्तादांना विचारलं. वस्तादांनी माझ्याकडं पाहिलं, लाख्याकडं पाहिलं आणि शांतपणे म्हणाले, "जिसने पीठ लगाई, पगड़ी उसकी." ज्यानं पाठ टेकवली त्याचा फेटा, हा न्याय लोकांना फार आवडला. भरजरी फेटा लाख्याच्या शिंगांना बांधला गेला आणि तुकारामानं, कोणी अडवायच्या आत, पुन्हा डफडं घुमवलं. (तेव्हा कोण कुठं गेलं ते सांगत बसत नाही. दाजींचं धोतर दुसऱ्या दिवशी सापडलं.)

सगळं निवल्यावर मी आखाड्याच्या काठावर बसलो होतो. अंगाला मातीही होती आणि बैलांची लाळही. लग्न मोडलं हे मी मनाशी धरूनच चाललो होतो, आणि मला रडू येत होतं. एवढ्यात गोविंदाजी आले. ते आधी लाख्याजवळ गेले. त्याचे खूर पाहिले, पाठीवरून हात फिरवला, तोंड उघडून दात पाहिले. मग तेच मोत्याचं केलं. मग ते माझ्यासमोर येऊन उभे राहिले आणि बराच वेळ माझ्याकडं बघत राहिले. मी घाबरून तोंड उघडलं. मला वाटलं, माझेही दात पाहतील.

दाजी हात जोडून म्हणाले, "व्याही, आता तुमी म्हनान तसं."

गोविंदाजींनी उपरण्यानं हात पुसले आणि पुन्हा एकदा बैलांकडं पाहिलं.

"बैल मले पसंत हायेत," ते म्हणाले. "पोरगं चालवून घेऊ."

त्याच वैशाखात लग्न झालं. सासरे पुढं गेले, बैल गेले, कापसाचा भावही गेला. त्यांची मुलगी मात्र अजूनही चालवून घेते आहे.