बिनन्यूक्लियसचं अंडं

दत्तोजीराव म्हैसूरजवळच्या बोगादीहून सायकलने कॉलेजात यायचे आणि प्राणिशास्त्राच्या प्रयोगशाळेत काचा पुसायचे. पणजोबा म्हैसूरच्या घोडदळात होते. पणतवाच्या वाट्याला बेडकांच्या बरण्या आल्या. अटेंडरच्या या नोकरीत कृष्णवेणी मॅडमचं समुद्री अर्चिन या काटेरी, गोल प्राण्यावरचं व्याख्यान त्यांनी एकतीस वर्षं ऐकलं. त्यातले विनोद त्यांना पाठ होते, आणि दरवर्षी ते मॅडमच्या आधी हसायचे.

यंदा तोंडी परीक्षेला बाहेरचे परीक्षक आले. भर एप्रिलात कोट घालून. यशस्विनी नावाच्या मुलीला त्यांनी विचारलं, "अर्चिनच्या अंड्यातला न्यूक्लियस काढला तर?"

"मरेल, सर."

"नाही मरत," मागून दत्तोजीराव म्हणाले.

परीक्षक वळले. "मग तुम्हीच सांगा की."

"मीठ वाढवलेल्या पाण्यानं चेतवलं, की विभागत राहतं, साहेब. दोनाचे चार, चाराचे आठ. आईनं सायटोप्लाझममध्ये शिदोरी आधीच भरून ठेवलेली असते. पेशींचा गोळा होतो, पण तिथंच अडतं. आतडं नाही, सांगाडा नाही. त्याला न्यूक्लियसचे नवे हुकूम लागतात."

परीक्षकांनी मॅडमकडे पाहिलं. मॅडम पंख्याकडे पाहत होत्या.

"बरोबर," परीक्षक नाइलाजानं म्हणाले.

इथं गप्प बसायचं, तर दत्तोजीरावांनी उलट विचारलं, "आई एका जातीची अर्चिन, बाप दुसऱ्या जातीचा. पिल्लाच्या पहिल्या विभाजनांचा वेग कुणाचा?"

"दोघांच्या मधला."

"आईचा. बाप तेव्हा आत सुम्मने बसलेला असतो, काही काम न करता. आमच्या बायकोला, भवानीबाईला, हे सांगितलं, तर म्हणते, यात नवीन काय?"

रांगेतल्या मुली हसल्या. परीक्षकांचे कान लाल झाले. पण उरलेल्या सगळ्यांना त्यांनी दत्तोजीरावांचाच प्रश्न विचारला. यशस्विनीलाही परत बोलावलं. ती पास झाली.

दत्तोजीरावांना मेमो मिळाला: परीक्षेत ढवळाढवळ. यापुढे परीक्षेच्या दिवसांत त्यांची ड्यूटी वाचनालयात. मेमोचं त्यांना काही वाटलं नाही. मॅडम त्या दिवशी एक शब्द बोलल्या नाहीत, ते मात्र लागलं.

आठवड्यानं मॅडमच वाचनालयात आल्या. म्हणाल्या, "मी तोंड उघडलं असतं तर मला हसूच फुटलं असतं, दत्तोजी. वर्गात कुणी ऐकतच नाही, असं मला वाटायचं."

"मी होतो की," ते म्हणाले, आणि इतिहासाच्या कपाटावरची धूळ झटकू लागले.