पहिली पट्टी

हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही, तिला हे न कळताच ती गेली. सांगायला वेळ मिळाला नाही, असं म्हणता येणार नाही. टाळलं — हाच खरा शब्द. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून तुम्हाला सांगणं जमेल कदाचित. पाहू.

मी डोंबिवली पूर्वेला, मानपाड्याच्या बाजूच्या एका शाळेत मराठी शिकवायचो. माझा एक पाठ शाळेत गाजलेला होता: माहितीपर उतारा वाचताना घटनांचा क्रम कसा ओळखायचा. उतारा मीच लिहिला होता, धरणातलं पाणी आपल्या नळापर्यंत कसं येतं त्याचा. त्यातलं एकेक वाक्य कागदाच्या लांब पट्टीवर लिहायचं, पट्ट्या मिसळायच्या, आणि सहावीच्या मुलांना जमिनीवर बसवून त्या ओळीने लावायला सांगायच्या. ‘आधी’, ‘त्यानंतर’, ‘शेवटी’ असे शब्द असले की काम सोपं. म्हणून मी ते शब्द मुद्दाम गाळायचो. मुलं अडायची. मग मी सांगायचो, शब्द नसला तर कारण शोधा. ज्याच्यावाचून दुसरं घडणारच नाही, ते आधीचं. आणि क्रम बदललात तर कारणही बदलेल, हे विसरू नका.

एकदा एक पोरगा म्हणाला, “सर, आमच्या चाळीत शेवटची पट्टी लावायचीच नाही. पाणी येतच नाही!” वर्ग हसला. मीही हसलो.

भरकटलो. पाठाचं कौतुक सांगायला मी बसलेलो नाही.

शेजारच्या पाचवीवर वाघमारे बाई होत्या. कल्याणजवळच्या मोहन्याच्या. वडील तिथल्या जुन्या कारखान्यात कामगार, घरात शिकलेल्या याच पहिल्या. अजून नोकरीत कायम झाल्या नव्हत्या. शिकवण्याची विलक्षण हौस. मधल्या सुट्टीत डबा बाजूला ठेवून विचारायच्या, “सर, पट्ट्या किती लांब कापता? मुलांना चुकू देता की लगेच सांगता?” स्टाफरूममध्ये एवढ्या आस्थेने मला दुसरं कुणी काही विचारलं नव्हतं. मला ते आवडायचं. फार आवडायचं.

त्या आठवड्यात तपासणी यायची होती. पर्यवेक्षकाची जागा रिकामी होणार होती आणि ती मला मिळेल, अशी कुजबुज होती. मी तपासणीसाठी बसवलेला पाठ वर्गात करून बघत होतो. मुलांनी एकही चूक न करता सगळ्या पट्ट्या लावल्या. दारापासून फळ्यापर्यंत सरळ ओळ. आणि मला वाटलं — हे कुणीतरी पाहायला हवं. कुणीतरी म्हणजे कोण? माझं कौतुक करणारं माणूस.

मी व्हरांड्यात गेलो आणि पाचवीच्या दारातून हाक मारली. “बाई, या हो, बघायला या.”

त्या म्हणाल्या, “वर्ग एकटा राहील, सर.”

मी म्हणालो, “काही होत नाही हो. या तुम्ही.”

त्या आल्या. माझ्या दारात उभ्या राहिल्या. त्यांचा चेहरा खरंच उजळला होता, हे मला अजून दिसतं. आणि तेव्हाच पलीकडून तो आवाज आला.

पाचवीच्या वर्गात एक जुनं लाकडी कपाट होतं, वर नकाशांच्या गुंडाळ्या. बाई बाहेर गेल्याबरोबर मुलं त्यावर चढली होती. कपाट कलंडलं ते रेश्मा नावाच्या मुलीवर. ती चढलीही नव्हती. खाली उभी राहून वर बघत होती. तिचा उजवा हात कोपरापासून पुन्हा कधी नीट सरळ झाला नाही.

चौकशी झाली. संस्थेचे अध्यक्ष, मुख्याध्यापक, रेश्माचे वडील. मुलांना कुणी काही विचारलं नाही. अध्यक्ष मला म्हणाले, “केळकर सर, तुम्ही जाणते आहात. काय घडलं ते क्रमाने सांगा.”

क्रमाने. मला!

मी सांगितलं. वर्गात पट्ट्या लावून झाल्या होत्या. वाघमारे बाई माझ्या दारात उभ्या होत्या. मी त्यांना म्हणालो, या, बघा. मग आवाज झाला.

कळलं तुम्हाला? यातलं एकेक वाक्य सुटं घेतलंत तर कुणीही मला खोटारडा म्हणणार नाही. बाई दारात उभ्या होत्याच. मी ‘या, बघा’ म्हणालोच होतो. मी फक्त एक पट्टी उचलली आणि दुसरीच्या खाली ठेवली. हाक आधीची होती, ती नंतर ठेवली. आणि ‘वर्ग एकटा राहील, सर’ ही पट्टी खिशात घातली. झालं. बाई आपल्या मनाने वर्ग सोडून आल्या, असं आपोआप झालं. मला ते नेमकं कसं करायचं ते माहीत होतं. आयुष्यभर तेच तर शिकवत आलो होतो.

बाई माझ्याकडे वळल्या. “सर, तुम्ही आधी हाक मारलीत ना? मग मी आले.” आवाज चढवला नाही. विद्यार्थ्याची पट्टी चुकली की आपण हळूच विचारतो ना, ‘पुन्हा बघ बरं’, तसं त्यांनी विचारलं. पुन्हा बघायची एक संधीच दिली.

मी टेबलावरच्या पेपरवेटकडे बघत राहिलो.

आणखी एक सांगायला हवं, नाहीतर हा कबुलीजबाबसुद्धा अर्धाच राहील. मी केळकर होतो आणि त्या वाघमारे होत्या. त्या खोलीत कुणाचा शब्द खरा धरला जाईल, हे मला बोलण्याआधी ठाऊक होतं. नंतर स्टाफरूममध्ये कुणीतरी म्हणालं, “यांना जबाबदारीची सवयच नसते.” मी चहा पीत होतो. पीत राहिलो.

बाईंची नोकरी गेली. मी पर्यवेक्षक झालो. पट्ट्यांचा पाठ पुढेही करत राहिलो, निवृत्त होईपर्यंत. कसा केला असेल? मला सांगता येणार नाही. हात आपोआप चालायचे.

गेल्या वर्षी एका जुन्या सहकाऱ्याकडून कळलं की बाई आता मुलाकडे राहतात, ठाण्यात घोडबंदर रोडला, उंच इमारतीत, आणि तब्येत बरी नसते. मी गेलो. बस गर्दीत अडकत, थांबत चालली होती आणि मी वाक्यं जुळवत होतो. मुलाने दार उघडलं. “केळकर सर ना? आई तुमचं नाव नेहमी काढते. या, या.” आपलेपणाने म्हणाला. त्या आपलेपणानेच मी अर्धा खचलो.

बाई खुर्चीत बसल्या होत्या, अंगावर शाल. खूप बारीक झालेल्या. मला पाहून हसल्या. मोहन्याला वर्षानुवर्षं शिकवण्या घेतल्या म्हणाल्या, घरातच, सतरंजीवर. “तुमच्याच पट्ट्या हो, सर. मुलांना फार आवडायच्या.”

मग मुलगा चहा आणायला आत गेला, तेव्हा आवाज खाली आणून त्यांनी विचारलं, “सर, एक विचारू? त्या दिवशी मी आपणहून आले होते का हो? आधी नक्की माहीत होतं. पण सगळे तसं म्हणत राहिले, आणि आता मलाच आठवेनासं झालंय. रेश्माचा हात डोळ्यांपुढे येतो. तुम्ही तिथे होतात. तुम्हीच सांगा, आधी काय झालं?”

खिडकीतून खालच्या गाड्यांचे हॉर्न ऐकू येत होते. त्या वाट बघत होत्या. या प्रश्नाचं उत्तर त्यांना नक्की देऊ शकेल असा एकच माणूस त्यांच्यासमोर बसला होता, आणि ते उत्तर द्यायलाच तर तो आला होता.

मी म्हणालो, “आता कशाला ते, बाई. जुन्या गोष्टी.”

त्यांनी मान हलवली. “खरंय,” म्हणाल्या. चहा आला. मी तो प्यालो, त्या दिवशीही.

दिवाळीनंतर त्यांच्या मुलाचा फोन आला. आई गेली म्हणाला. शेवटी शेवटी त्या रेश्माचं नाव घेत होत्या.

बाई, आधी मी हाक मारली. तुम्ही म्हणालात, वर्ग एकटा राहील. मी म्हणालो, काही होत नाही. त्यानंतर तुम्ही आलात. त्यानंतर कपाट पडलं. तुम्ही आपणहून आला नव्हतात. चूक माझी होती, बाई. मला क्षमा करा — हे मला त्या खुर्चीसमोर बसून म्हणायचं होतं.